वैरी रसांचा संसार

शृंगाराचे वैरी कोण, याची यादी चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त देऊन ठेवली आहे: करुण, बीभत्स, रौद्र, वीर आणि भयानक. नायकाने नायिकेचा हात हातात घ्यावा आणि त्याच क्षणी दारात पिशाच उभं राहावं, तर हात तरी सुटतो किंवा पिशाचाचं हसं तरी होतं. दोन्ही भाव एका मनात एका वेळी नांदत नाहीत, असं या शास्त्रकारांचं म्हणणं. त्याच्याही काही शतकं आधी काश्मिरात आनंदवर्धनाने तोडगा सुचवला होता. वैर असलेले दोन रस आणायचेच असतील, तर त्यांच्यामध्ये दोघांशी जुळवून घेणारा तिसरा रस बसवावा.

व्हिडिओ गेमबद्दल लिहिताना ही जुनी पोथी उघडण्याचं कारण आहे. गेल्या चाळीस वर्षांत या माध्यमाने नेमका हाच पेच आपल्या पद्धतीने सोडवत आणला. मात्र त्याने मध्ये आणून बसवलेला तिसरा भाव आपल्या रसांच्या यादीत सापडत नाही. तो अपराधाचा भाव आहे. नाटक पाहणारा आणि कादंबरी वाचणारा साक्षीदार असतो. गेम खेळणाऱ्याच्या मात्र हातून गोष्ट घडते. प्रेम आणि भय यांची गाठ घालायची तर ती या हाताशीच घालावी लागेल, हे कळायला गेम रचणाऱ्यांना बराच काळ लागला. अजूनही पुष्कळांना ते कळलेलं नाही.

सुरुवात अगदी पोरकट होती. 1985 साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने आर्केडसाठी 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' काढला. पडदा उघडतो तो रात्रीच्या कबरस्तानात. सरदार आर्थर आणि त्याची राजकन्या तिथे निवांत बसले आहेत, आणि आर्थरच्या अंगावर चड्डीखेरीज काही नाही. या प्रेमिकांनी फिरायला हीच जागा का निवडली, हे कोणी विचारत नाही. एक राक्षस येतो, राजकन्येला उचलून नेतो, आर्थर घाईघाईने चिलखत चढवून मागे धावतो. शत्रूचा एक फटका बसला की चिलखत गळून पडतं आणि पुन्हा चड्डी. दुसरा बसला की हाडांचा ढीग. इतकं करून शेवटच्या सैतानाला लोळवलं तर कळतं की हा सगळा भ्रम होता, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. प्रेम हे यंत्रात आणखी एक नाणं टाकायला लावण्याचं निमित्त होतं आणि भूत हे ते नाणं लवकर संपवण्याचं. 1981 च्या 'डाँकी काँग'पासून 'सुपर मारिओ'पर्यंत बाईने पळवलं जायचं आणि गड्याने मागे धावायचं, एवढाच संसार होता.

'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' रचणारे टोकुरो फुजिवारा यांनीच चार वर्षांनी, 1989 मध्ये, कियोशी कुरोसावा यांच्या चित्रपटावरून 'स्वीट होम' केला. त्यातल्या भुताला प्रथमच स्वतःचं दुःख आहे. ती एक आई आहे, तिचं बाळ भट्टीत जळून गेलेलं आहे, आणि तिला शांत करायचं तर तलवार पुरत नाही, तिच्या बाळाच्या आठवणीच्या वस्तू तिच्यासमोर धराव्या लागतात. याच गेमच्या सांगाड्यावर पुढे 1996 मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल' उभा राहिला. त्याने बंद वाडा उचलला, मोजकी शस्त्रं उचलली, दुःख मात्र बरंचसं मागे ठेवलं. पैसा उदंड मिळाला. भयाचे गेम म्हणजे झाँबी मारणं, ही समजूत तेव्हापासून घट्ट झाली.

प्रेमाची वाट दुसरीकडून आली. खरं तर दोन वाटा होत्या आणि दोन्ही गेमपेक्षा कितीतरी जुन्या.

पहिली युरोपातली. 1697 मध्ये शार्ल पेरोने निळ्या दाढीच्या सरदाराची गोष्ट छापली: नवी नवरी, किल्ल्यांचा जुडगा, न उघडायची एक खोली आणि त्या खोलीत आधीच्या बायकांची प्रेतं. 1764 मध्ये होरेस वॉलपोलने भुताटकीच्या गढीची कादंबरी लिहिली. 1794 मध्ये अ‍ॅन रॅडक्लिफने 'युडॉल्फो'च्या चार खंडांत एका मुलीला अशाच गढीत कोंडलं. पुढे शार्लट ब्रॉण्टीची 'जेन एअर' आली, 1938 मध्ये दाफ्ने दु मॉरिएची 'रिबेका' आली. या सगळ्यांच्या मुळाशी असलेली भीती भुताची नाहीच. जिच्या वाट्याला दुसऱ्याच्या घरात जाऊन राहणं आहे, तिला पडलेला प्रश्न आहे: मी कुणाच्या घरात आले? माझ्या आधी इथे कोण होतं आणि तिचं काय झालं? ही वाट आपल्याकडेही येऊन गेली आहे. 'रिबेका'वरून हिंदीत 1964 साली 'कोहरा' निघाला. त्याच्या पंधरा वर्षं आधी बॉम्बे टॉकीजच्या 'महल'मध्ये कमाल अमरोहींनी पुरुषाला वाड्यात आणून बसवलं आणि झोपाळ्यावरची ती बाई भूत की माणूस, या प्रश्नावर तीन तासांचा चित्रपट पेलून धरला. रॅडक्लिफबाईंना तो नक्की आवडला असता; त्यांच्याप्रमाणेच इथेही शेवटी भुताचा उलगडा माणसात होतो.

गेममध्ये ही वाट रोबर्टा विल्यम्स यांनी आणली. 1980 मध्ये नवरा केन यांच्याबरोबर त्यांनी 'मिस्टरी हाऊस' केला होता, चित्रं असलेला पहिला साहसी गेम. पंधरा वर्षांनी, 1995 मध्ये, त्यांनी 'फँटस्मॅगोरिया' काढला. तो तब्बल सात सीडींवर मावला, कारण त्यात खऱ्या नटांचं चित्रीकरण संगणकावर रंगवलेल्या वाड्यात बसवलेलं होतं. एड्रिएन ही लेखिका आणि डॉन हा छायाचित्रकार, असं नवविवाहित जोडपं एका जुन्या जादूगाराच्या वाड्यात राहायला येतं. त्या जादूगाराने आपल्या बायका एकीमागून एक मारलेल्या. वाड्यात दडलेली दुष्ट शक्ती एड्रिएनच्या हातून सुटते आणि डॉनच्या अंगात शिरते. म्हणजे पुन्हा निळी दाढी. फरक इतकाच की न उघडायचं दार उघडणारा हात खेळणाऱ्याचा.

या गेमची चर्चा झाली ती रक्तपातामुळे आणि पतीने केलेल्या बलात्काराच्या दृश्यामुळे. ऑस्ट्रेलियाने त्याला विक्रीची परवानगीच नाकारली. आज तो पाहताना नटांचा अभिनय आणि ते ठोकळेबाज वाडे हसू आणतात, हे खरं. पण एक गोष्ट अजून बोचते. पहिल्या काही प्रकरणांत डॉनचा आवाज जरा चढतो, मग माफी, मग पुन्हा चढतो. खेळणारी व्यक्ती घरभर फिरत कपाटं उघडत असते, आरसे पाहत असते आणि दर वेळी नवऱ्यासमोर आल्यावर त्याचा आजचा सूर कसा आहे याचा अंदाज घेते. तोडलेल्या मुंडक्यांपेक्षा हा अंदाज घेणं जास्त भयानक आहे. ते अनेक घरांत रोज चालतं.

दुसरी वाट जपानची, आणि ती मला अधिक खोल वाटते. 1776 मध्ये उएदा अकिनारीचा 'उगेत्सु मोनोगातारी' हा कथासंग्रह आला. त्यातल्या एका कथेत नवरा व्यापारासाठी राजधानीला जातो, लढायांमुळे अडकतो आणि सात वर्षांनी गावी परततो. बायको घरात वाट पाहत बसलेली. दोघं रडतात, बोलतात, झोपतात. सकाळी डोळे उघडतात तो छप्पर उडालेलं, जोत्यावर गवत माजलेलं आणि बायकोच्या नावाची माती. मिझोगुचीने 1953 मध्ये या संग्रहावरून केलेला चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. 1825 मध्ये त्सुरुया नांबोकूने काबुकीसाठी 'योत्सुया काइदान' लिहिलं. त्यात नवऱ्याच्या स्वार्थापायी विषाने चेहरा विद्रूप झालेली ओइवा मेल्यावर त्याचा पिच्छा सोडत नाही. आणि सानयुतेई एंचो हा कथेकरी रंगवून सांगत असे ती 'बोतान दोरो', मूळची चिनी गोष्ट: रात्री लाकडी खडावांचा आवाज करत, हातात कमळासारख्या फुलाचा कंदील घेतलेल्या दासीबरोबर प्रियकराकडे येणारी ओत्सुयु. शेजारी फटीतून पाहतो तर तिच्या जागी सांगाडा. दाराला ताईत चिकटवले जातात, पुढे लाच देऊन ते काढलेही जातात. 1884 मध्ये लघुलिपीतून उतरवून घेतलेली ही कथा छापून आली.

युरोपातल्या गढीत बाई घाबरलेली असते. जपानी कथेत घाबरायचं पुरुषाने, कारण मेलेल्या बाईचं त्याच्याकडे काही येणं बाकी असतं. ती वाट पाहत राहिली, तिला फसवलं गेलं, तिच्याशी बोललेला शब्द पाळला गेला नाही. भूत म्हणजे न फेडलेलं प्रेम. या कथांत भय आणि शृंगार एकमेकांच्या आड येत नाहीत, कारण भयाचा उगमच शृंगारात आहे.

ही परंपरा पडद्यावर आली ती आधी मजकुराच्या रूपाने. कोइची नाकामुरा यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट'चं प्रोग्रॅमिंग केलं होतं. त्यांच्या चुनसॉफ्टने 1992 मध्ये सुपर फॅमिकॉमवर 'ओतोगिरिसो' आणला. पडदाभर अक्षरं, मागे अंधारं चित्र आणि आवाज: पाऊस, दार, पावलं. त्याला त्यांनी ध्वनी-कादंबरी असं नाव दिलं. प्रियकर आणि प्रेयसी गाडीने चालले आहेत, वादळात गाडी बंद पडते, ते आडबाजूच्या बंगल्यात आसरा घेतात. वाचत जायचं, अधूनमधून दोन-तीन पर्यायांतून एक निवडायचा. निवडीनुसार बंगल्याचं रहस्यच बदलतं. एका खेळीत शेजारी बसलेली मुलगी आधार असते, दुसऱ्या खेळीत तिच्याकडेच संशयाने पाहावं लागतं. तिच्याबद्दलचं सत्य आपण काय वाचायचं ठरवलं त्यावर अवलंबून राहिलं, आणि ही छापील कादंबरीला न जमणारी गोष्ट होती.

याच कुळातला 2003 चा 'साया नो उता' मी कुणालाही सहज सुचवणार नाही. तो प्रौढांसाठीचा आहे आणि काही ठिकाणी अक्षरशः किळसवाणा आहे. पण गेन उरोबुचीने त्यात केलेली मांडणी बिनतोड आहे. अपघातानंतर मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या तरुणाला सगळं जग सडक्या मांसाचं दिसतं, माणसं लडबडलेल्या गोळ्यांसारखी. एकच व्यक्ती सुंदर दिसते: साया. ती खरोखर काय आहे हे इतरांना दिसतं आणि त्यांची शुद्ध हरपते. प्रेमात जग परकं होतं आणि एकच माणूस आपलं राहतं, हे प्रत्येक प्रेमकवितेतलं म्हणणं इथे शब्दशः घेतलं आहे. संपूर्ण गेममध्ये निर्णयाच्या जागा अगदी मोजक्या आणि शेवट तीन. त्यातला एकही धड सुखाचा म्हणता येत नाही आणि एकही धड दुःखाचा.

आता 2001 कडे यावं लागतं. त्या वर्षाच्या सप्टेंबरात अमेरिकेत दोन जपानी गेम एकाच महिन्यात बाजारात आले. फुमितो उएदांच्या 'इको'मध्ये शिंगं असलेला एक मुलगा ओसाड किल्ल्यातून एका मुलीला बाहेर काढतो. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. एक बटण दाबून ठेवलं की तो तिचा हात धरतो. सोडलं की ती मागे राहते आणि काळ्या सावल्या तिला जमिनीतल्या भोकांत ओढू लागतात. तो तिला ओढत धावतो तेव्हा हातातला कंट्रोलर थरथरतो. यात प्रेमाचा एक संवाद नाही. बोट बटणावरून काढायचं नाही, इतकंच प्रेम.

दुसरा होता कोनामीचा 'सायलेंट हिल 2'. याच्याजवळ थोडं थांबतो. त्याचं रहस्य इथे फुटणार आहे, पण दोन तपांपूर्वीच्या गोष्टीबद्दल ती मुभा असावी.

जेम्स संडरलंड नावाच्या माणसाला बायकोचं पत्र येतं: आपल्या दोघांच्या त्या खास जागी मी तुझी वाट पाहते आहे. बायको मेरी तीन वर्षांपूर्वी आजाराने गेलेली. तो त्या धुक्यात बुडालेल्या गावात जातो. तिथे त्याला मारिया भेटते, मेरीसारखाच चेहरा, पण कपडे, केस, चालणं सगळं भडक. ती त्याच्याबरोबर चालू लागते. मग ती त्याच्या डोळ्यांसमोर मारली जाते. पुढे एका कोठडीत गजांआड पुन्हा जिवंत बसलेली दिसते आणि मेरीलाच ठाऊक असायला हव्यात अशा गोष्टी बोलते. वळसा घालून तिच्यापर्यंत पोचेस्तोवर पुन्हा प्रेत. शेवटी तळ्याकाठच्या हॉटेलात, 312 क्रमांकाच्या खोलीत, एक व्हिडिओ टेप लावल्यावर जेम्सला आठवतं: मेरी आजाराने गेली नाही, आजारी मेरीच्या तोंडावर त्याने स्वतः उशी दाबली.

आपल्या शास्त्रात करुणविप्रलंभ म्हणून एक प्रकार सांगितला आहे. प्रिय व्यक्ती मेलेली, तरी भेटीची आशा शिल्लक, अशा अवस्थेतला शृंगार. विश्वनाथ त्याचं उदाहरण म्हणून बाणभट्टाच्या 'कादंबरी'तली महाश्वेता आणि पुंडरीक यांची कथा देतो. पत्र हातात घेतलेला जेम्स नेमका याच अवस्थेत आहे. फक्त महाश्वेतेच्या वियोगात तिचा हात नव्हता.

या गेमची खरी कारागिरी टेपमध्ये नाही, सामानाच्या पिशवीत आहे. मेरीचं पत्र आणि फोटो जेम्सजवळ कायम असतात, हवं तेव्हा उघडून पाहता येतात. गेम गुपचूप मोजत असतो. ते पत्र किती वेळा पाहिलं, जखमी झाल्यावर औषध लगेच घेतलं की रक्ताळलेल्या अवस्थेत फिरत राहिलात, मारियाला चिकटून चाललात की मागे टाकलंत, इस्पितळात ती पलंगावर आडवी असताना परत येऊन तिची चौकशी केली का, अँजेला या दुसऱ्या दुःखी मुलीकडून घेतलेली सुरी उगाच काढून न्याहाळली का. पर्यायांची यादी कुठेही येत नाही. या बारीकसारीक वागण्यावरून ठरतं की जेम्स सावरून गावाबाहेर पडणार, मारियाला बरोबर घेऊन तीच चूक पुन्हा करणार, की तळ्यात बुडून मरणार. आणि ते पत्र जसजसा गेम पुढे सरकतो तसतसं कोरं होत जातं. अक्षरं पुसली जातात, शेवटी कागदही उरत नाही. माझ्या मते प्रेम आणि भय यांची एवढी नेमकी सांधेजोड त्याआधी कुठल्याच माध्यमात झाली नव्हती. आपण किती प्रेम केलं हे आपल्याला विचारलं जात नाही. आपण काय करत होतो ते पाहिलं जातं.

याचे पडसाद उमटले, पण चुकीचे. मेलेली बायको हे एक सोयीचं इंधन होऊन बसलं. नायक दुःखी हवा? पहिल्या पाच मिनिटांत बायको मारा. नंतर तिची आठवण धूसर चित्रफितीत दाखवत राहा आणि मधल्या वेळात राक्षस मारायला द्या. हे 1985 चं कबरस्तानच झालं, फक्त चड्डीतला विनोद वजा जाता. अपवाद आहेत. 'फेटल फ्रेम'च्या 2005 मधल्या तिसऱ्या भागात रेई ही छायाचित्रकार आहे. तिचा होणारा नवरा ज्या अपघातात गेला त्या वेळी गाडी ती चालवत होती, आणि रोज रात्री स्वप्नात ती त्याच्या मागोमाग एका बर्फाळ वाड्यात शिरते. 2011 चा 'कॅथरिन' तर भलताच मिश्कील आहे. लग्न टाळणारा बत्तीस वर्षांचा व्हिन्सेंट रात्री स्वप्नात कोसळत्या ठोकळ्यांचा मनोरा चढत असतो आणि खालून त्याला गाठायला राक्षसी नवरी येते, दुसऱ्या रात्री राक्षसी बाळ. शिवाय मध्ये एका चर्चच्या कबुलीखोलीत बसवून लग्नाने आयुष्य सुरू होतं की संपतं, असं विचारतात. उत्तर दिल्यावर इतर खेळणाऱ्यांनी काय उत्तर दिलं तेही दाखवतात. नाक्यावरच्या गप्पांचं याहून चांगलं भयनाट्य मला माहीत नाही.

2017 साली दोन छोट्या चमूंनी हा प्रकार पुन्हा मुळापासून ढवळला. अमेरिकेतल्या डॅन साल्वाटो यांचा 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' फुकट मिळत होता. गुलाबी पडदा, शाळेतलं साहित्यमंडळ, चार मुली, शब्द निवडून कविता रचायच्या आणि ज्या मुलीच्या आवडीचे शब्द जास्त तिचं मन जिंकायचं. जपानी प्रेम-गेमांची हुबेहूब नक्कल. सुरुवातीच्या सूचनेकडे दुर्लक्ष केलेल्यांना मग धक्का बसतो. बालमैत्रीण सायोरी गळफास घेते आणि गेम तिला जणू कधी नव्हतीच अशा पद्धतीने पुन्हा सुरू होतो. हे घडवून आणणारी मोनिका, जिला या गेमने कधी नायिका होऊ दिलं नाही. तिला कळून चुकलं आहे की आजूबाजूच्या सगळ्या बाहुल्या आहेत आणि खरं माणूस फक्त पडद्याबाहेर बसलेलं आहे. म्हणून ती इतरांच्या फाइली खोडून टाकते आणि खेळणाऱ्याला समोर बसवून अखंड बोलत राहते. सुटका करून घ्यायची तर गेममध्ये काहीही दाबून चालत नाही. गेमच्या बाहेर यायचं, संगणकावरचं फोल्डर उघडायचं आणि तिच्या नावाची फाइल स्वतः डिलीट करायची. ओत्सुयुला अडवणारा ताईत आठवतो. फक्त इथे ताईत चिकटवणारे आपण आणि पलीकडून ती विचारते आहे की असं का केलंस.

त्याच वर्षी जानेवारीत तैवानच्या रेड कँडल गेम्सचा 'डिटेन्शन' आला. भय आणि प्रेम यांच्यामध्ये इतिहास आणून बसवणारा मला माहीत असलेला सर्वांत चांगला गेम हा. तैवानवर 1949 ते 1987 लष्करी कायदा होता. त्यातल्या साठच्या दशकातली डोंगरातली एक शाळा. तिथले काही शिक्षक आणि विद्यार्थी चोरून बंदी असलेली पुस्तकं वाचतात. फांग ही विद्यार्थिनी चांग या शिक्षकाच्या प्रेमात पडते. तोही गुंततो, तिला हरणाच्या आकाराचं पदक देतो, नंतर भानावर येऊन दूर होतो. फांगला वाटतं, त्याच्या सहकारी यिनबाईंनी त्याला फोडलं. वाचनमंडळातल्या एका पोराला गोड बोलून ती पुस्तकांची यादी मिळवते आणि शाळेतल्या लष्करी अधिकाऱ्याच्या हातात ठेवते. तिला फक्त यिनबाई जायला हव्या असतात. चांग मारला जातो, यादी देणारा पोरगा तुरुंगात जातो, फांग शाळेच्या इमारतीवरून उडी घेते.

हे सगळं आपल्याला शेवटी कळतं. आधी आपण अंधाऱ्या वर्गांतून फांगला चालवत असतो आणि कंदील घेतलेली भुतं समोर आली की एक बटण दाबून श्वास रोखून धरावा लागतो. श्वास रोखून बाजूने निघून जाणं, मान वर न करणं. त्या काळात सगळा देश हेच करत होता, असं पुस्तकात लिहिलं असतं तर अलंकार वाटला असता. इथे अंगठा दुखेपर्यंत ते करावं लागतं. फांगची भीती, तिचा मत्सर आणि सरकारने घराघरांत पोचवलेली चुगलीची सवय, यांतलं काय कुठे संपतं ते वेगळं काढता येत नाही. तिने शत्रुत्वातून काही केलंच नाही. जे केलं ते प्रेमातून, आणि त्यासाठी लागणारं हत्यार राज्याने आधीच तयार ठेवलेलं होतं. याच मंडळींचा 2019 चा 'डिव्होशन' एका नवरा-बायको-मुलीच्या घरात घडतो. त्यातल्या एका चित्रात चीनच्या राष्ट्राध्यक्षांची टिंगल सापडल्यावर गदारोळ झाला आणि तो काही दिवसांतच बाजारातून काढून घ्यावा लागला.

अलीकडचा काळ या प्रकाराला भरभराटीचा आहे. 2023 च्या 'बाल्डर्स गेट 3'मधला अस्टॅरियन हा रक्तपिपासू जगभर लाडका झाला. एका रात्री तो झोपलेल्या नायकाच्या मानेशी वाकलेला सापडतो. त्याला रक्त पिऊ द्यायचं की नाही, दिलं तर केव्हा थांबवायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. उशीर केला तर जीव जातो. लाड मोठे असले तरी तिथे भय हा प्रेमावरचा मसाला आहे. दोनशे वर्षं गुलामीत काढलेल्या माणसाने जवळीक हेच शस्त्र करून घेतलं, हा धागा त्यात आहे म्हणून ते तरून जातं. त्याच वर्षी टोरोंटोच्या अ‍ॅबी हॉवर्ड आणि टोनी हॉवर्ड-आरियास या जोडप्याने 'स्ले द प्रिन्सेस' काढला. तळघरात साखळीने बांधलेली राजकन्या आहे, तिला ठार कर, असं एक आवाज सांगतो. हातात सुरी घेऊन पायऱ्या उतरलात तर खालून येणारा तिचा सूर वेगळा आणि मोकळ्या हाताने गेलात तर वेगळा. घाबरलात तर ती भयाण होते, दगा दिलात तर धारदार. आणि ही प्रेमकथा आहे, असं गेम सुरुवातीलाच बजावतो. पेन्सिलीने काढलेली ही चित्रं पाहताना मोठ्या कंपन्यांच्या शेकडो माणसांच्या फौजा नेमकं काय करत असतात, असा प्रश्न पडतो.

एक तक्रार मात्र राहतेच. या सगळ्या परंपरेत जिच्यावर प्रेम करायचं ती मेलेली असते, बांधलेली असते, नाहीतर फाइल असते. नाही म्हणायची सोय तिला क्वचितच. करतो तो खेळणारा, आणि अपराधभाव हा शेवटी करणाऱ्याचाच मान आहे. ओइवाच्या बाजूने नाटक कसं दिसलं असतं?

सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या 'सायलेंट हिल एफ'ने निदान या बाजूकडे तोंड वळवलं. लेखक र्युकिशी07, म्हणजे 'हिगुराशी'मुळे नाव झालेला, ध्वनी-कादंबरीच्याच कुळातला माणूस. प्रत्यक्ष गेम बांधला तैवानच्या निओबार्ड्सने. स्थळ जपानचं एक काल्पनिक डोंगरी गाव, काळ पुन्हा साठचं दशक. हिनाको शाळेत जाणारी मुलगी आहे, बाप दारुडा, थोरली बहीण लग्न होऊन गेलेली, आणि आता तिचंही लग्न ठरवलं जात आहे. धुक्याच्या पलीकडच्या देवळात कोल्ह्याचा मुखवटा घातलेला एक मृदू बोलणारा पुरुष तिला एकेक विधी करायला लावतो. एका विधीत तिला स्वतःचा हात करवतीने कापावा लागतो. तो जबरदस्ती करत नाही, समजावतो. सासरचं व्हायचं तर माहेरचं काहीतरी इथे ठेवून जावं लागेल, असा त्याचा एकूण रोख. निळ्या दाढीची खोली आणि जपानी भुताचं येणं, दोन्ही वाटा इथे एका मुलीच्या अंगावर येऊन मिळतात. पहिल्यांदा खेळताना कसंही वागलं तरी शेवट एकच मिळतो. हिनाकोने वेगळं काही म्हणावं असं वाटत असेल तर गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.